राजाच्या नावाशेजारचा शब्द

इब्न बतूता आपल्या परिचयाचा आहे. तो दौलताबादला येऊन गेला, मराठ्यांविषयीही त्याने लिहून ठेवले. पण त्याच्या लांबलचक नावातील 'अल-लवाती' या शब्दाकडे आपण सहसा पाहत नाही. लवाता ही उत्तर आफ्रिकेतील बर्बर जमात. तंजा शहरात १३०४ साली जन्मलेल्या या मुसाफिराने प्रवासवर्णन सांगितले ते अरबीत. त्याच्या पूर्वजांची भाषा मात्र अरबी नव्हती. मग ती कोणती आणि किती जुनी? या प्रश्नाने आम्ही मागे मागे जाऊ लागलो.

'बर्बर' हे नाव परक्यांनी दिलेले. ज्यांचे बोलणे कळत नाही ते ग्रीकांच्या लेखी 'बार्बारोस'. हे लोक स्वतःला 'अमाझिग' म्हणवतात. ग्रीक-रोमन लेखकांनी जमातींची नावे नोंदवली, त्यांची वाक्ये मात्र नोंदवली नाहीत. वाक्ये सापडतात ती दगडांवर. असे हजाराहून अधिक लेख मिळाले आहेत. बहुतेक थडग्यांवरचे, दोन-चार नावांचे. स्वर लिहिलेले नाहीत, केवळ व्यंजने. ते वाचायचे कसे?

किल्ली मिळाली ट्युनिशियातील दुग्गा येथे. राजा मासिनिसा इ.स.पू. १४८ मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ सुमारे दहा वर्षांनी, मुलगा मिकिप्सा गादीवर असताना, तिथे मंदिर उभे राहिले. त्यावरचा लेख दोन भाषांत आहे: कार्थेजची प्यूनिक आणि स्थानिक लिबिक. प्यूनिक वाचता येत होती, म्हणून नावे जुळवून अक्षरे लागली. मासिनिसाच्या नावाशेजारी 'राजा' या अर्थी ग, ल, द ही व्यंजने आहेत. मोरोक्को-अल्जीरियातील डोंगराळ भागांत राजाला आजही 'अगेल्लिद' म्हणतात! दोन हजार वर्षांत कार्थेज गेले, रोम गेले, शब्द तोंडात राहिला.

इस्लाम आल्यावर ही भाषा मिटली, असा समज असतो. तो खरा नाही. बाराव्या शतकात मुवह्हिदांनी फेझ घेतले तेव्हा करवियीन मशिदीच्या खतीबाला बर्बर येत नव्हती, म्हणून तो बदलून ती येणारा नेमला गेला. त्यांचा धर्मगुरू इब्न तूमर्त स्वतः बर्बरमध्ये शिकवण देत असे. 'तुमची मातृभाषा नक्की कोणती?' असे आम्हाला वारंवार विचारले जाते, त्यामुळे खतीबाची ही हकिकत आम्ही दोनदा वाचली.

त्या जुन्या लिपीची वंशज 'तिफिनाघ' तुआरेग लोकांनी वाळवंटात जपली. तिचे नवे रूप मोरोक्कोने २००३ मध्ये शिक्षणासाठी स्वीकारले. अमाझिगला मोरोक्कोत २०११ मध्ये आणि अल्जीरियात २०१६ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला.

दुग्ग्यात दुसराही एक द्वैभाषिक लेख होता, एका उंच थडग्यावर. १८४२ मध्ये ब्रिटिश कॉन्सल थॉमस रीड याने तो काढून नेताना थडगेच मोडले. थडगे पुढे दुरुस्त झाले. लेख अजून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.