भोनला होडीने जायची वेळ येण्याआधी

नागार्जुनसागरच्या धक्क्यावर लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना मामा म्हणाले, "एवढ्या पाण्यावर कायले नेऊन रायला मले?" मामा उंद्रीचे. बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यात आमचं हे गाव. एसटीच्या पाटीवर उदयनगर, पण बोलताना सगळ्यांच्या तोंडी उंद्रीच. आयुष्यभर सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या, आभाळाकडे बघत जून काढणाऱ्या माणसाला समोरचं ते पाणी जरा जास्तच वाटत होतं.

मी तेव्हा हैदराबादला नोकरीला होतो. मामा चार दिवसांसाठी आले होते. चारमिनार झाला, बिर्याणी झाली, आणि एका रविवारी मी त्यांना दीडशे किलोमीटरवरच्या नागार्जुनकोंड्याला घेऊन गेलो. सकाळी निघायचं, होडीने बेटावर जायचं, स्तूप आणि संग्रहालय बघायचं, रात्री परत. एका दिवसाची सहल.

होडी धक्क्यापासून बरीच आत गेल्यावर शेजारच्या एका शिक्षकांनी पाण्याकडे बोट दाखवून सांगितलं, की आपण आत्ता एका शहरावरून चाललो आहोत. मामांना वाटलं, गंमत करताहेत. पण ते खरं होतं. सातवाहनांनंतर, इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकात, या खोऱ्यात इक्ष्वाकू राजांची राजधानी होती, विजयपुरी. कृष्णेच्या काठावर स्तूप, विहार, घाट, प्रेक्षागार असं सगळं. इथल्या महाचैत्याला दान देणाऱ्यांत राजघराण्यातल्या बायका पुढे होत्या. राजा वीरपुरुषदत्ताची आत्या चांतिसिरी हिचं नाव तर दगडावरच कोरलेलं आहे. बोधिसिरी नावाच्या उपासिकेच्या शिलालेखात श्रीलंकेच्या थेरांचा उल्लेख येतो. त्यांनी ज्या देशांत धम्म पोहोचवला त्यांची यादीच तिथे आहे. तिच्यात काश्मीर, गांधार, चीन यांच्यासोबत अपरांतही आहे. अपरांत म्हणजे आपला कोकण.

धरण ठरलं ते स्वातंत्र्यानंतर. १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्याची पायाभरणी केली. पण त्याच्या आधीच, १९५४ मध्ये, पुरातत्त्व खात्याने आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली खोऱ्यात मोठं उत्खनन सुरू केलं होतं. पाणी येणार हे माहीत होतं, म्हणून खोदायची घाई होती. १९६० पर्यंत हे काम चाललं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली, तेव्हा इकडे कृष्णाकाठी बुद्धाच्या विहारांवरची माती काढण्याचं काम चालूच होतं. त्या दिवशी तिकडच्या मजुरांना नागपूरची बातमी कळली असेल का, असं मला उगाच वाटत राहिलं.

खोऱ्यातल्या शंभराहून जास्त ठिकाणी खोदकाम झालं. मग निवडक वास्तू दगड दगड सुटे करून हलवल्या गेल्या. काही जवळच्याच टेकडीच्या माथ्यावर पुन्हा उभ्या केल्या, काही काठावरच्या अनुपूला. धरण भरलं तेव्हा टेकडीचं बेट झालं. बेटावरचं संग्रहालय १९६६ साली सुरू झालं.

आम्ही बेटावर दोन-तीन तास फिरलो. विटांचे आणि दगडांचे गोल चौथरे, मधूनमधून बाग, सावलीला डबे उघडून बसलेली कुटुंबं. मामा इक्ष्वाकूंच्या घाटापाशी रेंगाळले. नदीकाठचा दगडी घाट उचलून टेकडीवर आणून मांडलेला. पायऱ्या नीट जुळवलेल्या, पण ज्या नदीसाठी त्या बांधल्या, ती काही उचलून आणता आली नव्हती. मामा पायरीवर बसले आणि म्हणाले, "मंग आपल्या भोनचं बी असंच करतीन का?"

मी गप्प. कारण भोनबद्दल मी फोनवर कधीतरी एक बातमी सरकवली होती, तेवढंच. हैदराबादहून दीडशे किलोमीटर लांब मी मामांना स्तूप दाखवायला घेऊन आलो होतो, आणि माझ्या स्वतःच्या जिल्ह्यातल्या, त्याहून जुन्या स्तूपाजवळ मी कधी गेलोच नव्हतो.

दिवाळीत गावी गेल्यावर पहिलं ते काम केलं. मामांची मोटारसायकल, मागे मामाच. उंद्रीहून खामगाव, तिथून शेगाव. शेगावला कचोरी खाल्ल्याशिवाय पुढे जायची आमच्याकडे रीत नाही. मग वरवट बकालच्या रस्त्याने खिरोड्याच्या पुलावरून पूर्णा ओलांडली की आपण संग्रामपूर तालुक्यात शिरतो. भोन हे पूर्णेच्या काठचं साधं गाव आहे. काळी माती, कपाशी, हरभऱ्याची तयारी. प्राचीन वसाहतीच्या पांढरीवर पोहोचलो तेव्हा मी मोबाइल काढला, आणि कशाचा फोटो काढावा ते कळेना. जमिनीचा उंचवटा होता. खापरांचे तुकडे पायाखाली येत होते. बाकी शेत.

बांधावर भेटलेल्या एका शेतकरीदादांनी आमची अडचण ओळखली. "आता काय पाह्यता भाऊ, सारं मातीखाली हाय," ते म्हणाले. खोदकाम चालू होतं तेव्हा आपण रोज बघायला यायचो, असंही त्यांनी सांगितलं. आणि मग हाताने हवेत एक गोल काढून दाखवला. स्तूप एवढा होता.

तो गोल पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पथकाने उघडा केला होता. भा. चं. देवतारे यांच्या नेतृत्वाखाली २००० नंतरच्या दशकात भोनला काही हंगाम उत्खनन झालं. तिथे भाजक्या विटांच्या स्तूपाचा पाया मिळाला. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनीला १९६९-७० मध्ये जे स्तूप उघडे झाले, त्यांच्यासमोर हा लहान. पण वसाहत जुनी, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या आसपासची, म्हणजे अशोकाच्या काळाला भिडणारी. आपण शाळेत बौद्ध महाराष्ट्र शिकतो तो अजिंठा, वेरूळ, कार्ले यांचा, डोंगरात कोरलेला. भोन सांगतं, की त्या लेण्यांच्याही आधी सपाट मैदानात, नदीकाठी, विटांनी बांधणारी माणसं आपल्याकडे होती. ही माणसं एकटी पडलेली नव्हती. आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या लोकांनी सांचीच्या स्तूपाला दान दिल्याचे लेख आजही सांचीत वाचता येतात.

मला सगळ्यात जवळची वाटली ती स्तूपाच्या आजूबाजूची गोष्ट. भोनला वलयकूप मिळाले. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या अरुंद विहिरी, एक-दोन नव्हे तर अनेक. विटांनी बांधलेल्या विहिरीही मिळाल्या आणि पाटाचे अवशेषही. म्हणजे स्तूपाला प्रदक्षिणा घालणाऱ्या त्या लोकांची रोजची धडपड पाण्यासाठीच होती.

हे वाचून उंद्रीचा माणूस हसेल, कारण धडपड अजून तीच आहे. पूर्णेच्या खोऱ्याचा हा भाग खारपाणपट्टा. विहीर खणली, बोअर मारली, तरी पाणी खारट. शेताला उपयोगाचं नाही, आणि वर्षानुवर्षं तेच प्यायल्याने मूत्रपिंडाचे आजार झालेली माणसं या गावांत घरोघर भेटतात. म्हणून नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्प आला. काम १९९० च्या दशकापासूनचं, अजून चालूच. त्याच्या बुडीत क्षेत्रात कित्येक गावं जातात आणि भोनचा स्तूपही जातो.

इथे मला सोपी बाजू घेता येत नाही. धरण नको असं मी म्हटलं, तर मामाच माझा कान धरतील. त्या खोऱ्यातल्या आईबहिणींनी खारं पाणी का प्यायचं? शिवाय घरदार सोडणारी गावं आहेतच. त्यांचं पुनर्वसन नीट होणं हे स्तूपाच्याही आधीचं काम. पण म्हणून स्तूपाचं जे होईल ते होऊ द्यायचं, हेही पटत नाही.

कुणी म्हणेल, बुडाला तर बुडाला, पाणी ओसरल्यावर पुन्हा दिसेलच. उजनीत पळसदेवचं मंदिर नाही का दिसत? भीमेवरच्या उजनी धरणात गेलेलं ते मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, आणि लोक होडीने बघायला जातात. पण पळसदेव दगडाचं आहे. भोनचा पाया विटांचा. दोन हजार वर्षं त्याला कोरड्या मातीने धरून ठेवलं. जलाशयात दरवर्षी पाणी चढणार, उतरणार, गाळ साचणार, ओली माती फुगणार आणि सुकली की भेगाळणार. काळी माती विहिरीची बांधीव भिंतसुद्धा ढकलते, हे आमच्याकडे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. विटांचा पाया या खेळात किती वर्षं टिकेल?

इजिप्तमध्ये आस्वानचं धरण होणार होतं तेव्हा १९६० मध्ये युनेस्कोने जगाला हाक दिली. अबू सिंबेलची देवळं १९६४ ते १९६८ या काळात हजाराहून अधिक तुकड्यांत कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जोडली. तिथे पैसा जगाचा होता आणि देवळं महाकाय. आपला स्तूप एका अंगणात मावेल. तो हलवायचा की जागेवरच बांध घालून राखायचा, हे जाणकारांनी ठरवावं. पण नागार्जुनकोंड्याची सगळ्यात मोठी शिकवण मला तारखांत दिसते. उत्खनन १९५४, पायाभरणी १९५५, संग्रहालय १९६६. म्हणजे काय वाचवायचं, कुठे न्यायचं आणि लोकांना ते कुठे दाखवायचं, याचा विचार पाणी चढण्याच्या आधी झाला. भोनचं उत्खनन थांबून पंधरा वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि तिथे आलेल्या माणसाला शेतकरीदादा हवेत गोल काढून दाखवतात.

परतीच्या वाटेवर खिरोड्याच्या पुलावर मामांनी गाडी थांबवायला लावली. खाली पूर्णेचं पात्र, कडेला म्हशी, थोडंसं पाणी. मामा बराच वेळ नदीकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "पाणी तं येऊच दे. पण पोट्ट्याहो, त्याच्या आंधी एकडाव सगळे जाऊन पाहून या."

म्हणून हे लिहिलं. उंद्रीहून सकाळी निघालात तर भोन बघून रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचता. तिथे तिकीट नाही, पाटी शोधावी लागेल, फोटो फारसा चांगला येणार नाही. सोबत एखादं पोर असेल तर त्याला त्या उंचवट्याभोवती एक फेरी मारायला लावा, डावीकडून उजवीकडे, प्रदक्षिणेसारखी. अजून तिथे पायी फिरता येतं.