शोकात घेतलेली दीक्षा

१६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. जिवतीच्या पहाडावरची आपली बरीच घरं मराठवाड्यातून मागाहून आली, तरी तो दिवस आम्ही आपलाच मानतो. पुढं अवघ्या ५१ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. मुंबईत ते दीक्षा द्यायला येणार होते. आलं ते पार्थिव. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर माणसं धाय मोकलून रडत होती. पण तिथंच भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखभर लोकांनी दीक्षा घेतली. रडायला पुढं जन्म पडला होता, राहिलेलं काम आधी! आजही आपल्यात मयत झाली की पहिलं त्रिशरण-पंचशील, बाकीचं मग.