तिजोरीत सहाशे डॉलर

चोरीच्या चित्रपटात एकदा तिजोरी हाती लागली, की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. १९७८ साली अमेरिकेत आलेल्या ‘ब्ल्यू कॉलर’ या चित्रपटाची खरी गोष्ट मात्र तिथूनच सुरू होते. दिग्दर्शक पॉल श्रेडर यांचा हा पहिलाच चित्रपट. आज तो फारसा कुणाच्या स्मरणात नाही.

झीक, स्मोकी आणि जेरी हे डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यातले तीन जिवलग मित्र. दोघे काळे, एक गोरा. जेरीकडे मुलीच्या दातांना तार बसवायला पैसे नाहीत. झीकचे कपाट नीट उघडत नाही, बोट कापते. तक्रार करून तो थकला, पण युनियनला ते दुरुस्त करून घेणे जमत नाही. शेवटी तिघे त्या युनियनचीच तिजोरी पळवतात. आत निघतात जेमतेम सहाशे डॉलर आणि पुढाऱ्यांच्या बेकायदा कर्जव्यवहाराची एक वही.

ही युनियन काल्पनिक असली, तरी तिच्यामागचा इतिहास खरा आहे. याच मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात १९३६च्या अखेरीस जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडले. ४४ दिवसांनी, फेब्रुवारी १९३७मध्ये, कंपनीला युनियन मान्य करावी लागली. पण १९६८ साली डेट्रॉइटमधल्या काळ्या कामगारांना ‘ड्रम’ नावाची वेगळी संघटना काढावी लागली. तिचा रोष कंपनीवर होता, तसाच युनियनच्या पुढाऱ्यांवरही. तीस वर्षांत लढणारी संघटना साहेबाच्या खुर्चीशेजारी जाऊन बसली होती.

चित्रपटात पुढारी या तिघांना एकेकटे गाठतात. स्मोकीला रंगकामाच्या खोलीत कोंडून मारले जाते. झीकला युनियनमध्ये पद मिळते. घाबरलेला जेरी सरकारी तपासयंत्रणेकडे जातो. शेवटी कालपर्यंत एका घासातला घास खाणारे झीक आणि जेरी रंगावरून शिव्या देत एकमेकांवर धावून जातात आणि पडद्यावरचे चित्र तिथेच थिजते.

मला झीकचा राग येत नाही. चार तोंडे पोसणाऱ्या माणसाला पद नाकारणे सोपे नसते. पण फ्लिंटचे ४४ दिवस आठवतात. शेजारचा उठून जाणार नाही, एवढ्या भरवशावर ते निघाले होते. पुढाऱ्यांची वही हाती असूनही हे मित्र हरले, कारण तो भरवसाच त्यांच्यात उरला नव्हता.