दिनविशेष : १६ ऑक्टोबर
'मराठा मंदिर' सुरू झाले (१९५८)

मुंबई सेंट्रल स्थानकालगतचे 'मराठा मंदिर' हे एकपडदा चित्रगृह १९५८ मध्ये आजच्या दिवशी प्रेक्षकांसाठी खुले झाले. आसनसंख्या सुमारे १ हजार.

दोनच वर्षांनी, ५ ऑगस्ट १९६० रोजी येथे के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम'चा शुभारंभाचा खेळ झाला. निमंत्रणे शाही फर्मानासारखी छापली होती आणि चित्रपटाची रिळे सजवलेल्या हत्तीवरून आणली गेली. तिकिटासाठी लोकांनी रांगेतच मुक्काम ठोकला. घरची मंडळी डबे आणून देत. ४ फेब्रुवारी १९७२ रोजी 'पाकीझा'ही येथेच प्रथम झळकला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच चित्रपटाच्या नायिका मीनाकुमारी यांचे निधन झाले.

२० ऑक्टोबर १९९५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'ने या चित्रगृहाला नवी ओळख दिली. त्याआधी मुंबईतल्याच 'मिनर्व्हा' चित्रगृहात पाच वर्षे चाललेल्या 'शोले'च्या मुक्कामाचे अप्रूप होते. तो विक्रम 'दिलवाले'ने केव्हाच मागे टाकला. १२ डिसेंबर २०१४ रोजी त्याचे १ हजार आठवडे पूर्ण झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये खेळ थांबवण्याची घोषणा झाली, पण प्रेक्षकांच्या आग्रहामुळे ती लगेच मागे घ्यावी लागली. २०२० च्या टाळेबंदीत पडदा काही महिने बंद राहिला आणि निर्बंध उठताच हाच चित्रपट पुन्हा लागला.

परवडणारे तिकीट आणि शेजारीच रेल्वे व एस.टी.ची स्थानके, यामुळे गाडीची वाट पाहणारा प्रवासीही येथे तीन तास निवांत बसू शकतो.