दुष्काळ, देऊळ आणि करुणेचे अभंग

इ.स. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात होरपळून काढणाऱ्या दुष्काळाचे वर्णन अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनाम्या’त आणि पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाच्या वृत्तांतात आढळते, मात्र तो ज्याच्या उंबऱ्याआत शिरला, त्या माणसाची स्वतःची साक्ष मराठीत आहे आणि ती अभंगांत आहे. देहूच्या तुकोबांच्या घरी महाजनकी व दुकानदारी पिढीजात होती. दुष्काळाने द्रव्य नेले, मान नेला आणि एक पत्नी अन्नान्न करीत गेली, असे ते आपल्या आत्मचरित्रपर अभंगात कसलाही आडपडदा न ठेवता सांगतात.

त्याच अभंगात पुढे जो क्रम येतो, तो फार मोलाचा आहे. मोडकळीस आलेले देऊळ दुरुस्त करावे असे त्यांच्या मनाने घेतले. आरंभी अभ्यासात चित्त नसतानाही ते एकादशीला कीर्तन करू लागले, संतांची काही वचने त्यांनी पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद, म्हणजे अभंगाचे घोळून म्हटले जाणारे पालुपद, धरले. स्वतःचे शब्द सुचण्याआधी त्यांनी दुसऱ्यांच्या शब्दांना आपला आवाज दिला, आणि उभारीची सुरुवात येथेच झाली असे मानावे लागते.

दिवाळे निघाले हे बरेच झाले, असे तुकोबा एका अभंगात देवाला म्हणतात खरे. पण तेवढाच अभंग उचलून त्यांना दुःखाच्या पलीकडे गेलेला पुरुष ठरवणे अन्यायाचे आहे. गाथ्यांतून ज्यांना ‘करुणापर’ म्हणतात, त्या अभंगांत भक्त आपली असहायता न लपवता देवाला हाका मारतो, रुसतो, प्रसंगी त्याच्याशी कडाकडा भांडतो. वारकरी परंपरेने या आक्रोशाला श्रद्धेची उणीव मानले नाही, उलट त्याला भजनात हक्काची जागा दिली. कारण भांडण त्याच्याशीच होते, जो ऐकतो असा विश्वास असतो.

कवित्व करण्याची आज्ञा नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन दिली, असे तुकोबा सांगतात. ही निवड सहज नाही, कारण ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली, त्या प्रसंगाचे शोकाने ओथंबलेले अभंग परंपरा नामदेवांचेच मानते. त्यांत स्थितप्रज्ञ निवृत्तिनाथांचाही धीर सुटतो, आणि जमलेले संत त्यांच्यासह रडतात. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत होणाऱ्या संजीवन समाधी सोहळ्यात आजही नामदेवांच्या वंशजांपैकी, म्हणजे नामदास घराण्यातील, कीर्तनकार हाच प्रसंग लावतात आणि तो ऐकणाऱ्यांचे डोळे दरवर्षी नव्याने भरून येतात.