तेराव्या उद्दिष्टावरची चांदणी

पगाराची स्लिप मी कधी नीट वाचत नाही. शेवटचा आकडा बघायचा आणि फाइल बंद करायची. पण परवा फेब्रुवारीच्या स्लिपवर नजर अडली. व्यवसाय कर एरवी २०० रुपये, फेब्रुवारीत मात्र ३००. वर्षाचे बरोबर २,५०० व्हावेत म्हणून. हा कर आला कुठून, हे शोधायला बसलो आणि वाचता वाचता भलतीकडेच जाऊन पोचलो, थेट स्टॉकहोमला!

जून १९७२. पर्यावरणावरची संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद तिथे भरली होती. यजमान स्वीडनचे ओलोफ पाल्मे सोडले तर दुसऱ्या देशाच्या एकच पंतप्रधान तिथे हजर होत्या, इंदिरा गांधी. ज्याच्या घरात प्यायला स्वच्छ पाणी नाही त्याला समुद्र आणि नद्या स्वच्छ ठेवा असं कोणत्या तोंडानं सांगायचं, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. पुढे या भाषणाचं 'गरिबी हेच सर्वांत मोठं प्रदूषण' असं घोषवाक्य करून टाकलं गेलं. मुळात तो प्रश्न होता, आणि गरिबी हटल्याशिवाय पर्यावरण सुधारणार नाही, असं त्यांना म्हणायचं होतं.

आणि त्याच जूनमध्ये इकडे महाराष्ट्रात लोक आभाळाकडे डोळे लावून बसले होते. आधीची दोन वर्षंही बेताचीच गेली होती. त्या वर्षी प्रशांत महासागरात मोठा एल निनो होता, पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ते कोण सांगणार? (तो दुष्काळ हवामान बदलाचा होता असं मी म्हणत नाही. तो नेहमीचाच पावसाचा लहरीपणा होता, फक्त फार मोठा.)

माझी मावशी तेव्हा खडी फोडायला जायची. सुकडीची चव आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी याबद्दल ती अजून बोलते, चांगलं काहीच नाही. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नाला बांध, बांधबंदिस्ती, रस्ते. आज ज्याला जागतिक परिषदांमध्ये 'अनुकूलन' असं भारदस्त नाव आहे, ते हेच. पाणी अडवायचं, माती धरून ठेवायची आणि ते करणाऱ्याच्या हातात मजुरी द्यायची. हवामानाचं काम कुठलं आणि विकासाचं कुठलं, हे मावशीला कुणी विचारलं असतं तर तिनं टोपलीच डोक्यावर दिली असती.

दुष्काळ सरला, पण कल्पना टिकली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ती लावून धरली होती. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितलं की १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. पण पैसा कुठून आणायचा? त्यासाठीच १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदारानं द्यायचा, आणि तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. योजनेत खोटी मस्टरं झाली, कित्येक तलाव गाळानं भरले, हे सगळं खरं आहे. पण नवा पैसा कोण देणार आणि तो कुठे जाणार, हे कायद्यानं आधी ठरवलं होतं.

आता जगाकडे बघा. १९९२ ला रिओमध्ये हवामानाचा करार झाला. त्यात श्रीमंत देशांनी गरीब देशांना 'नवा आणि अधिकचा' निधी द्यायचा असंही कबूल झालं. मग २००० साली विकासाची आठ सहस्रक उद्दिष्टं आली. त्यांत हवामान कुठे होतं? सातव्या उद्दिष्टाखाली कार्बन डायऑक्साइडचा एक आकडा, बस्स. दोन चुली वेगळ्या मांडल्या गेल्या. वेगळ्या परिषदा, वेगळे अधिकारी, वेगळे निधी.

त्या एकत्र आणायचा प्रयत्न २०१५ मध्ये झाला. कोलंबिया आणि ग्वाटेमाला या दोन देशांनी २०१२ च्या परिषदेआधी पुढे ठेवलेल्या कल्पनेतून १७ शाश्वत विकास उद्दिष्टं निघाली आणि २५ सप्टेंबर २०१५ ला मंजूर झाली. तेरावं उद्दिष्ट हवामान बदलाचं. आणि गंमत अशी, की या तेराव्याच्या डोक्यावर एक चांदणी आहे! खाली तळटीप : हवामानाच्या वाटाघाटींचं मुख्य व्यासपीठ हवामान करारच. पॅरिसची बैठक डिसेंबरमध्ये व्हायची होती, तिथल्या सौद्यात इथून कुणी हात घालू नये म्हणून ही खबरदारी. म्हणजे उद्दिष्ट एकत्र, पण चुली वेगळ्याच.

मला ती चांदणी आधी निव्वळ बाबूगिरी वाटली. आता तसं वाटत नाही, कारण एकत्र करण्यातही एक मेख आहे. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचं वचन दिलं होतं, २०२० पर्यंत. ते या तेराव्या उद्दिष्टातही लिहिलेलं आहे. त्यांच्याच संघटनेच्या हिशोबानं ते पुरं झालं २०२२ मध्ये, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा. शिवाय शाळेला, दवाखान्याला मिळायची तीच मदत 'हवामान निधी' म्हणूनही मोजली जाते. हवामान आणि विकास एकच, असं म्हटलं की एकच रुपया दोन्ही वह्यांत लिहिता येतो! २०२४ ला बाकूमध्ये वचनाचा आकडा ३०० अब्ज झाला, मुदत २०३५. त्यात 'अधिकचा' किती, हे मोजायची सर्वांना मान्य पद्धत कुठे आहे?

मावशीला मी हे फोनवर सांगायचा प्रयत्न केला. तिनं एवढंच विचारलं, "पण मस्टर कोणाकडे असतं रे त्यांचं?"