व्हीपीएन, कॅमेरा आणि परळची खोली

गिरण्या चालू होत्या तेव्हा परळ-लालबागच्या खोल्यांना पहारा लागायचाच नाही. एका खोलीत दहा-पंधरा कामगार, त्यात गिरणीच्या पाळ्या. एकजण कामावर निघाला की दुसरा झोपायला यायचा. खोली रिकामी अशी नसेच. गणपतीला गावी निघालं की किल्ली शेजारी. सामाईक गॅलरी हाच सीसीटीव्ही, तोही फुकट :)

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, टॉवर आले, दारं बंद झाली. नजर ठेवायचं काम यंत्राकडे गेलं.

या यंत्राचा इतिहास तसा जुनाच. न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या नर्सने १९६६ साली दारावरचा कॅमेरा आणि आतल्या टीव्हीवर त्याचं चित्र, अशा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६९ ला मिळालं. १९९१ मध्ये केंब्रिजच्या मंडळींनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला आणि १९९३ ला तो वेबवर टाकला. आता कोणीही, कुठूनही बघू शकत होतं. गंमत इथेच संपते आणि भानगड सुरू होते.

व्हीपीएन आलं १९९६ च्या सुमारास, मायक्रोसॉफ्टच्या पीपीटीपीमधून. हेतू साधा: बाहेर असलेल्या माणसाला ऑफिसच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित आत घ्यायचं. लपण्यासाठी नव्हे! आज जाहिरातीतलं व्हीपीएन 'लपा' म्हणून विकलं जातं. ते फोनमध्ये टाकून लोक निर्धास्त होतात. पण त्याने फक्त तुमच्या फोनची वाट झाकली जाते. घरच्या राउटरवर कॅमेऱ्यासाठी पोर्ट उघडा ठेवला असेल, तर तो सगळ्या जगाला उघडाच राहतो.

त्याचे परिणाम आपण पाहिलेत. २०१६ मध्ये मिराई या व्हायरसने फॅक्टरीतलाच पासवर्ड असलेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला ट्विटर, नेटफ्लिक्ससकट अर्धं इंटरनेट आडवं केलं. २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिला रुग्णांचं चित्रण विकलं गेल्याचं उघड झालं. अटक झाली ती आपल्या लातूर-सांगलीतूनही.

आता बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली आठवा. तिथे दारावर रोखलेल्या कॅमेऱ्यात अंथरूण, मोरी, देव्हारा, सगळंच येतं. चोर एक वेळ टीव्ही नेईल, इथे अख्खं घरच जाईल.

म्हणून व्हीपीएन वापरायचं तर त्याच्या मूळ अर्थाने. घरच्या राउटरवर किंवा छोट्या कॉम्प्युटरवर वायरगार्डसारखा स्वतःचा सर्व्हर, फोनवरून आधी त्यात शिरायचं, मगच कॅमेरा. कॅमेऱ्याचं पोर्ट फॉरवर्डिंग बंद, पासवर्ड नवा, फर्मवेअर अपडेट. कंपनीच्या क्लाऊडवरून बघत असाल तर किल्ली त्या कंपनीकडे आहे, एवढं लक्षात ठेवा.

आणि हो, घरात आई-आजी असतील तर कॅमेरा लावण्याआधी त्यांना विचारा. चित्रात दिवसभर त्याच असणार आहेत.